पेरांबूर ते सिरुसेरी : पगार कसा ठरतो?

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सिरुसेरी आहे. तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट या महामंडळाने इथे शेकडो एकरांवर माहिती तंत्रज्ञानाची वसाहत वसवली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएसचे फुलपाखराच्या आकाराचे मोठे संकुल याच वसाहतीत आहे. शहराच्या उत्तरेला, इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर पेरांबूर लागते. तिथे एकेकाळी बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापड गिरण्या होत्या. भारतातली पहिली रीतसर कामगार संघटना म्हणून जिचे नाव घेतले जाते ती मद्रास लेबर युनियन २७ एप्रिल १९१८ रोजी या गिरण्यांच्या कामगारांमधून उभी राहिली.

पेरांबूरच्या कामगारांनी मालकाशी एकत्र बोलायचे ठरवले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. सिरुसेरीत आज हजारो माणसे एका छताखाली बसतात आणि पगाराचे मात्र एकेकटी बोलतात. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला काय मिळते हे विचारणे असभ्य समजले जाते. पुष्कळदा नियुक्तिपत्रातच पगार गोपनीय ठेवण्याचे कलम असते, माझ्याही होते. मी याच वसाहतीत नोकरी करते, आणि गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. एकेकट्याने केलेला सौदा जास्त न्याय्य, की सगळ्यांनी मिळून केलेला? इथे बहुतेकांना पहिले उत्तर इतके उघड वाटते की प्रश्नच उरत नाही. ‘ज्याची जेवढी कुवत, तेवढा त्याचा पगार,’ असे सहज म्हटले जाते. या वाक्यामागचा इतिहास पाहिला, तर ते तितकेसे सरळ राहत नाही.

सुरुवात पेरांबूरपासूनच करू. गिरण्यांचा कारभार बिनी आणि कंपनी या ब्रिटिश पेढीकडे होता. जेवणाची सुट्टी इतकी तोकडी होती की धड जेवून परत येणे होत नसे, आणि वरिष्ठांकडून शिवीगाळ, मारहाणही होई. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे दोन स्थानिक व्यापारी कामगारांच्या या तक्रारी घेऊन बी. पी. वाडिया यांच्याकडे गेले. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी. थिऑसॉफीच्या ओढीने मद्रासला आलेले आणि ॲनी बेझंट यांच्या वर्तुळातले. ते युनियनचे अध्यक्ष झाले. त्यांना तमिळ बोलता येत नव्हते. ते इंग्रजीत भाषण करीत आणि कोणीतरी तमिळमध्ये सांगत जाई. बाहेरून आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाने इथे संघटना बांधली, ही गोष्ट माझ्यासारख्या मराठी माणसाला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

१९२० साली वाद चिघळला. बिनी कंपनीने वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला आणि न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कंपनीचा युक्तिवाद मुळातून समजून घ्यायला हवा, कारण आपला प्रश्न नेमका तिथेच आहे. प्रत्येक कामगाराचा मालकाशी स्वतंत्र करार आहे. तिसऱ्या कोणी येऊन ‘काम करू नका’ असे सांगणे म्हणजे तो करार मोडायला चिथावणी देणे, आणि त्याने मालकाचे नुकसान होते. कायद्याच्या नजरेत गिरणीत दहा हजार माणसे असली तरी ते दहा हजार वेगवेगळे सौदे होते. त्या माणसांनी एकमेकांशी बोलून एकच मागणी केली की ते कारस्थान ठरू शकत होते. शेवटी वाडियांनी युनियनशी संबंध सोडावा या अटीवर तडजोड झाली. कंपनी मात्र स्वतः अनेक भागधारकांची एकजूट होती. त्या एकजुटीला कायद्याने व्यक्ती मानले होते, म्हणून ती ‘एकटी’ धरली जाई.

या खटल्याने मोठा गदारोळ झाला. १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशी यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. जोशी कुलाबा जिल्ह्यातले, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, आणि १९२० साली मुंबईत स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या पाठपुराव्यानंतर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणीकृत संघटनेच्या सभासदांवर केवळ एकत्र येऊन मागणी केली म्हणून कारस्थानाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही, हे त्यात आले. सामूहिक वाटाघाटी हा काही मालकावर केलेला विशेष उपकार नव्हे किंवा कामगाराला दिलेली खिरापत नव्हे. मालकाला आधीपासून असलेला एकत्र येण्याचा हक्क कामगारालाही मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुंबईच्या गिरणगावात येऊ, कारण एकेकट्याचा सौदा प्रत्यक्षात कसा दिसतो ते तिथे नीट कळते. गिरणीत माणूस घेण्याचे काम व्यवस्थापक करीत नसे. ते जॉबर, म्हणजे मुकादम करी. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर बदली कामगारांची गर्दी असे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला कोणत्या साच्यावर उभे करायचे, हे जॉबर ठरवी आणि त्याची दस्तुरी घेई. तो गावचा किंवा नात्यातला असला तर काम लवकर मिळे. कागदावर हा पूर्ण मोकळा बाजार होता. कोणीही यावे, आपला सौदा आपण करावा. व्यवहारात सौद्यात चालत असे ते कसब थोडेच; ओळख, कर्ज आणि आज चूल पेटेल की नाही ही चिंता जास्त चाले. एकाच कामाला एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा, असेही होते.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या संपाची आठवण निघाली की डांगे, जोगळेकर, निंबकर आणि गिरणी कामगार युनियनचा उदय आठवतो. पण संपसमिती आणि गिरणीमालक संघ यांच्यात महत्त्वाचे घोळले ते दरांचे प्रमाणीकरण, म्हणजे कोणत्या कामाला कोणता दर याची सर्व गिरण्यांसाठी एक यादी. फॉसेट समितीने पुढे या यादीची छाननी केली. तेव्हा ती अमलात आली नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास, औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत प्रमाणित वेतन आले. मला या लढ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ती यादी वाटते. दर वाढला की नाही हा एक मुद्दा. पण आपला दर अमुक का, हे कोणाही कामगाराला भिंतीवरच्या कागदावर वाचता येणे, ही गोष्ट जॉबरच्या राज्यात अशक्य होती.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी सामूहिक सौद्याचे गोडवे गाते आहे. त्या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणाई विभागात मजुरी चांगली होती, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. ही बंदी मालकापेक्षा कामगारांनीच जास्त निष्ठेने पाळली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न ठामपणे मांडला. सर्व कामगारांच्या एकीची भाषा करणारे पुढारी या भेदाबद्दल गप्प का, हा त्यांचा सवाल होता. पेरांबूरलाही १९२१ च्या संपात तेच घडले. आदिद्रविड कामगारांपैकी पुष्कळजण संपापासून दूर राहिले, पुलियनतोपमध्ये दंगली झाल्या, आणि संप मोडला. त्यांना ‘फुटीर’ म्हणणे सोपे होते. पण ज्या ‘आपण’मध्ये त्यांना एरवी कोणी धरत नव्हते, त्या ‘आपण’साठी त्यांनी उपाशी का राहावे?

आंबेडकरांनी यातून संघटना नको असा निष्कर्ष काढला नाही, हे विशेष. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या एकदिवसीय संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभा होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली त्यांनी मालकांना संघटनेला मान्यता देणे भाग पाडणारे विधेयक मांडले. एकत्र बोलण्याचा हक्क हवा, आणि एकत्र येणाऱ्यांत कोण धरले जाते याची झाडाझडतीही हवी, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी धरून ठेवल्या.

सामूहिक सौदा कसा गोठतो, याचेही उदाहरण मुंबईनेच दिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना मालकाशी बोलू शकेल असे ठरवले. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. १९८२ पर्यंत बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण कायद्याच्या दृष्टीने सामंतांशी बोलण्याची कोणाला गरज नव्हती. तो संप रीतसर मिटलाच नाही. त्याच्या अपयशाला इतरही कारणे होती. गिरण्यांची जुनी यंत्रे होती, यंत्रमागांची स्पर्धा होती, जमिनीचे भाव होते. तरी एक कारण हे की ज्यांच्या नावाने वाटाघाटी चालत त्यांना आपला प्रतिनिधी बदलता येत नव्हता.

आता सिरुसेरी. इथे पगार कसा ठरतो? कॉलेजातून थेट येणाऱ्यांचा सौदा होतच नाही. शेकडो जणांना एकाच आकड्याचे पत्र मिळते. घ्या किंवा सोडा. मोठ्या कंपन्यांत हा आकडा वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास एक दशकाहून अधिक काळ घुटमळत राहिला. इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पै यांनी २०१७ साली जाहीरपणे म्हटले होते की मोठ्या कंपन्या आपसात बोलून नवख्यांचे पगार वाढू देत नाहीत. ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले होते की मजुरी वाढू नये म्हणून मालकांची एक मूक एकजूट नेहमीच असते, आणि ती स्वाभाविक वाटत असल्याने तिची चर्चा होत नाही. सिलिकॉन व्हॅलीत तर हे न्यायालयात गेले. एकमेकांची माणसे ओढायची नाहीत असा समझोता केल्याच्या दाव्यात ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांनी २०१५ साली कर्मचाऱ्यांना ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

खरा व्यक्तिगत सौदा सुरू होतो तो नोकरी बदलताना. आमच्याकडच्या मुलाखतींना मी तांत्रिक परीक्षक म्हणून बसते. माझा अभिप्राय गेला की पुढचे बोलणे एचआर करते, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सध्याचा पगार किती?’ मग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागवल्या जातात, आणि जुन्या आकड्यावर काही टक्के चढवून नवा आकडा निघतो. म्हणजे पहिल्या नोकरीत जो कमी आकड्यावर बसला, त्याचा कमीपणा त्याच्या पाठोपाठ चालत राहतो. नव्वद दिवसांच्या नोटिशीत जो आणखी दोन ऑफर मिळवतो, त्याचा आकडा चढतो. जिच्या घरी आजारी सासू आहे, जिचे मूल शोळिंगनल्लूरच्या शाळेत नुकतेच रुळले आहे, किंवा जिला ‘मॅडम, तुम्ही फारच पैशांचं बोलता’ हे ऐकून घ्यायचे नाही, ती आहे तिथेच थांबते. कंपनीच्या नोंदीत या सगळ्याला कुवत असे नाव पडते.

हा नुसता माझा समज नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात २०११ साली कायदा करून सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या सामूहिक वाटाघाटी जवळजवळ मोडीत काढल्या गेल्या आणि शाळांना एकेका शिक्षकाशी पगार ठरवण्याची मोकळीक मिळाली. बार्बरा बियासी आणि हेदर सार्सन्स या अर्थशास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षांचे पगार तपासले. सारखीच पात्रता असलेल्या शिक्षक-शिक्षिकांच्या पगारात पूर्वी नसलेली तफावत निर्माण झाली होती, आणि तरुण शिक्षिकांच्या बाबतीत ती जास्त होती. शिकवण्याचा दर्जा हे तिचे कारण नव्हते. पगाराची घासाघीस करण्यात स्त्रिया मागे राहिल्या होत्या.

मग सिरुसेरीत युनियन का नाही? प्रयत्न झाले. २०१४ च्या अखेरीस टीसीएसने कर्मचारी कमी करायला घेतल्याची बातमी आली. पंचवीस हजारांचा आकडा फिरत होता. कंपनीने तो नाकारला आणि हा नेहमीच्या कामगिरी-मूल्यमापनाचा भाग असल्याचे सांगितले. त्याच सुमारास चेन्नईत आयटी कर्मचाऱ्यांचे मंच उभे राहिले. जानेवारी २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका गरोदर कर्मचारी महिलेला काढण्याच्या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. २०१६ साली तमिळनाडू सरकारने स्पष्ट केले की आयटी कर्मचाऱ्यांना युनियन करण्यास कायद्याची आडकाठी नाही. मोठा अडसर ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. १९४७ चा औद्योगिक कलह कायदा व्यवस्थापकाला कामगार मानत नव्हता, आणि आमच्याकडे चार वर्षांत प्रत्येकाच्या हुद्द्यात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ येते. २०१५ साली काढलेल्या एका अभियंत्याच्या प्रकरणात चेन्नईच्या कामगार न्यायालयाने हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले, त्याला कामगार मानले आणि परत घेण्याचा आदेश दिला. तो आदेश आला २०२२ साली. सात वर्षे एकट्याने कोर्टाच्या पायऱ्या चढणे किती जणांना परवडेल?

आणि कारखान्यात तरी सगळे सोपे आहे असे नाही. इथून फार लांब नसलेल्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संप झाला. पगाराइतकीच मोठी मागणी होती युनियनच्या नोंदणीची. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोंदणी मिळाली जानेवारी २०२५ मध्ये. ज्या शहरात १९१८ साली युनियन झाली, त्याच्याच परिसरातली ही गोष्ट.

व्यक्तिगत सौद्याच्या बाजूने एक युक्तिवाद खरोखर वजनदार आहे. माणसांचे काम सारखे नसते. चांगले काम करणाऱ्याला आणि नुसती वर्षे भरणाऱ्याला एकाच मापाने मोजणे हाही अन्यायच. पण सामूहिक करार म्हणजे सगळ्यांना एकच पगार, हे समीकरण चुकीचे आहे. हॉलिवूडमध्ये अभिनेत्यांची संघटना किमान मोबदला ठरवते; त्याच्या वर प्रत्येक नट आपला सौदा आपण करतो. स्वीडनमध्ये सुशिक्षित नोकरदारांच्या काही सामूहिक करारांत पगारवाढीचा आकडाच नसतो. वाढ वरिष्ठाशी बोलून ठरते, पण ते बोलणे कसे व्हावे, कारणे कशी सांगावीत, मतभेद झाल्यास कुठे जावे, हे संघटनेने ठरवून घेतलेले असते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने तर उमेदवाराला जुना पगार विचारण्यास मनाई केली आहे आणि त्या जागेसाठी ठरलेली पगाराची पट्टी त्याला सांगणे बंधनकारक केले आहे. कोणाच्याही कुवतीला त्याने धक्का लागत नाही. एचआरच्या हातातले झाकलेले पान तेवढे उघडे होते.

म्हणून माझ्या दृष्टीने न्यायाची कसोटी ‘एकट्याने की मिळून’ या शब्दांत पुरती सापडत नाही. दोन गोष्टी विचाराव्या लागतात. आपल्याला जे मिळाले ते का मिळाले, हे माणसाला कळते का? आणि ज्याच्या नावाने सौदा होतो, त्याला त्यात बोलता येते का? जॉबरच्या दारात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे होते. साचाखात्याच्या दारात आणि १९८२ च्या वाटाघाटींत दुसऱ्याचे. सिरुसेरीत आज दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. फरक इतकाच की सामूहिक सौद्यातला अन्याय उघड्यावर असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडता येते. आंबेडकर साचाखात्याबद्दल भांडू शकले, कारण ती बंदी सगळ्यांना दिसत होती. गोपनीय पाकिटातल्या अन्यायाशी भांडायचे तर आधी तो आहे हेच सिद्ध करावे लागते.

सिरुसेरीत उद्या मोठी युनियन उभी राहील असे मला वाटत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एकट्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार हवा तर ५१ टक्के कामगार तिचे सभासद हवेत. आमच्याकडे तर एका मजल्यावर मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि तमिळ माणसे, त्यांतली निम्मी दोन वर्षांत दुसरीकडे जाणारी. पण १९२८ च्या कामगारांनी मागितली तशी यादी मागायला इतके सभासद लागत नाहीत. कोणत्या श्रेणीला किमान किती, कमाल किती, आणि मला यातले अमुक का, एवढे लेखी मागता येते. त्याची सुरुवात कंपनीच्या परवानगीचीही वाट पाहत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने विचारले तर आपला आकडा तिला सांगावा. मी गेल्या वर्षापासून सांगते.